कुत्र्याचे अकस्मात दुखणे : पशुवैद्याकडे केव्हा न्यावे?

तंजावूरच्या राजवाड्याच्या आवारात भर दुपारी जाणाऱ्यास दोन प्रकारची मंडळी हमखास भेटतात. एक, सरस्वती महाल ग्रंथालयात पोथ्या व चित्रे पाहावयास आलेली. आणि दुसरी, त्याच भिंतींच्या सावलीत चारही पाय पसरून पडलेली कुत्री. पहिल्या मंडळींचे लक्ष दुसऱ्यांकडे सहसा जात नाही. कुत्रा पडला आहे तो झोपला असेल, धापा टाकतो आहे तर उन्हाने टाकीत असेल, लाळ गाळतो आहे तर भुकेला असेल, अशी आपली समजूत असते. आणि दहांपैकी नऊ वेळा ती खरीही असते. प्रस्तुत पुस्तिकेचा विषय आहे तो राहिलेल्या एका वेळेचा.

हा विषय तंजावुरातून आरंभावयाचे कारण आहे. १८५५ पर्यंत या राजवाड्यात भोसले घराणे नांदत होते. त्यांपैकी सरफोजीराजे दुसरे (१७७७–१८३२) यांनी येथे धन्वंतरी महाल स्थापून माणसांच्या व जनावरांच्याही औषधांचा अभ्यास चालविला. त्यांच्या काळातील नेत्ररोग्यांच्या नोंदी आणि रोगग्रस्त डोळ्यांची रंगीत चित्रे ग्रंथालयात जतन केलेली आहेत. चित्रकारास समोर बसवून रोगी डोळा जसा दिसतो तसाच उतरवून घ्यावयाचा, मग त्यावर विचार करावयाचा, ही त्या उद्योगामागची दृष्टी होती. याच संग्रहातून नकुलाचे अश्वशास्त्र १९५२ मध्ये छापून प्रसिद्ध झाले. पालकाप्याचे गजशास्त्रही तेथूनच निघाले. हत्ती आणि घोडा ही राज्याची अंगे, म्हणून त्यांच्यासाठी शास्त्रे रचली गेली. दारात पडून राहणाऱ्या कुत्र्यास तो मान मिळाला नाही. आपल्या जुन्या वैद्यकात कुत्रा आला तो मुख्यतः त्याच्या दंशामुळे.

आणि तो ज्या रीतीने आला आहे ती पाहण्यासारखी आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या कुत्र्याचे वर्णन आहे. त्याची शेपटी, जबडा व खांदे सैल पडून लोंबतात, तोंडातून फार लाळ गळते, त्याला ऐकू येत नाही, दिसत नाही आणि तो इतरांच्या अंगावर धावतो, असा त्याचा आशय आहे. दंश झालेल्या माणसास पुढे पाण्याचे भय वाटू लागते आणि ते वाटू लागल्यावर तो वाचत नाही, हेही तेथे सांगितले आहे. या वर्णनातील एका शब्दाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, अशी आमची विनंती आहे. तो शब्द म्हणजे जबडा.

मराठीत या रोगास आपण 'पिसाळणे' म्हणतो. भाषांतराचे काम करणाऱ्यास हा शब्द मोठा सोयीचा, पण विज्ञानाच्या दृष्टीने तो निम्मेच सांगतो. पिसाळणे म्हटले की डोळे तांबारलेला, फेस गाळीत सुसाट धावणारा, दिसेल त्यास चावणारा कुत्रा मनात उभा राहतो. रोगाचे हे उग्र रूप खरेच आहे. परंतु त्याचे दुसरे, मुके रूपही आहे, आणि ते कमी दिसत असले तरी फसविण्यात अधिक पटाईत आहे. या रूपात कुत्रा धावत नाही, भुंकत नाही, उलट कोपऱ्यात अंधारात जाऊन बसतो. जबड्याचे व घशाचे स्नायू लुळे पडतात. तोंड उघडे राहते, जीभ बाहेर लोंबते, लाळ गिळता येत नाही म्हणून ती सारखी गळते, पाणी पुढे ठेवले तर तो तोंड घालतो पण घोट उतरत नाही. पाहणाऱ्याच्या मनात पहिला विचार कोणता यावा? घशात हाड अडकले आहे!

आमच्या लहानपणी सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी नेमके हेच घडले. मोत्या नावाचा घरचा कुत्रा दोन दिवस खाईना. तिसऱ्या दिवशी त्याचे तोंड मिटेना. थोरल्या काकांनी त्याला मांडीखाली दाबून धरले आणि हात कोपरापर्यंत ओला होईतो त्याच्या घशात बोटे घालून हाड शोधले. हाड नव्हते. मोत्या चावला नाही, गुरगुरलाही नाही. त्याच्या दातांनी काकांच्या बोटांवर दोन ओरखडे मात्र उठले. दुसऱ्या दिवशी तो मेला. तालुक्याच्या डॉक्टरांनी हकीकत ऐकून घेतली, आणि काकांना त्या काळी पोटात घेत असत ती चौदा इंजेक्शने घ्यावी लागली. काका वाचले. ओरखड्यांची गोष्ट त्यांनी आपण होऊन सांगितली नव्हती, आजीने सांगितली. ती बोलली नसती तर पुढे काय झाले असते, हा विचार आमच्या घरात पुष्कळ वर्षे कोणी मोठ्याने बोलून दाखविला नाही.

इसापाच्या कथांतील लांडगा आणि करकोचा ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. लांडग्याच्या घशात हाड अडकते, करकोचा आपली लांब चोच त्याच्या जबड्यात घालून ते काढतो, आणि बक्षीस मागू लागताच लांडगा म्हणतो की मान शाबूत राहिली हेच बक्षीस समज. इसापाच्या नीतिकथांचे मराठी भाषांतर सरफोजीराजांच्याच आश्रयाने तंजावुरी झाले, हा एक मौजेचा योग आहे. कुत्र्याच्या बाबतीत करकोच्याचे काम करू नये. ज्या कुत्र्याचे तोंड मिटत नाही, लाळ गळत आहे व गिळता येत नाही, त्याच्या तोंडात उघडा हात घालावयाचा नाही. खरोखर हाड अडकलेला कुत्राही असतो. तो पंजाने तोंड ओरबाडतो, ठसके देतो, कासावीस होतो, येरझारा घालतो. पण हे दोन प्रकार ओळखून वेगळे करण्याचे काम पशुवैद्याचे आहे, आणि तोही ते हातमोजे चढवून करतो. असा कुत्रा बंद खोलीत किंवा साखळीने इतरांपासून दूर ठेवावा, मुलांना जवळ जाऊ देऊ नये आणि पशुवैद्यास बोलावताना ही लक्षणे आधी सांगावीत.

लाळ जखमेला, ओरखड्याला, डोळ्याला किंवा ओठाला लागली असेल तर तो भाग साबण आणि वाहते पाणी यांनी पंधरा मिनिटे धुवावा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. जखमेवर तिखट, चुना, हळद, कॉफीची पूड यांतले काहीही भरू नये. या रोगाचे विषाणू जखमेपासून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकत जातात. या प्रवासास बहुधा काही आठवडे ते काही महिने लागतात, आणि लस टोचून मिळणारा सारा अवधी तोच. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र उपाय जवळजवळ नाहीच. कुत्र्याच्या लाळेत विषाणू लक्षणांच्या काही दिवस आधीपासून असू शकतो; म्हणून चावलेला कुत्रा धडधाकट दिसत असला तरी त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवण्याची पद्धत आहे. मात्र त्या दहा दिवसांच्या भरवशावर आपली लस लांबणीवर टाकावयाची नसते.

दक्षिण भारताला ही लस सहज मिळाली नाही. पास्तरने पॅरिस येथे जोसेफ माइस्टर या मुलास पहिली लस टोचली ती १८८५ च्या जुलैत. हिंदुस्थानात अशी संस्था १९०० साली निघाली ती हिमालयाच्या पायथ्याकडील कसौली येथे. मद्रास इलाख्यात कुत्रा चावलेल्या माणसास तेथवर जावे लागे. १९०२ मध्ये एका युरोपीय तरुणीचा या रोगाने मृत्यू झाल्यावर दक्षिणेतही अशी सोय हवी अशी मागणी जोर धरू लागली, आणि १९०७ साली निलगिरीतील कुन्नूर येथे पाश्चर संस्था उघडली. काकांनी घेतलेली लस मेंढीच्या मेंदूपासून केलेली होती. ती पद्धत सेंपल या शास्त्रज्ञाने कसौली येथे १९११ मध्ये बसविली. २००४ नंतर भारतात ती वापरातून गेली. आताच्या लसी दंडात देतात, त्या अधिक निर्धोक आहेत आणि मात्राही थोड्या लागतात. 'पोटात चौदा' ही भीती मात्र लोकांच्या मनातून अजून गेलेली नाही, आणि तिच्यापायी दवाखाना टाळणारे लोक आजही आढळतात.

आता इतर दुखण्यांकडे वळू.

कुत्रा बोलत नाही ही तक्रार तितकीशी खरी नाही. तो अंगाने बोलतो. फक्त त्याचे नेहमीचे बोलणे आपण आधी ऐकून ठेवलेले असावे लागते. धडधाकट कुत्र्याच्या अंगाचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे आपल्यापेक्षा अधिक. म्हणून हात लावून 'अंग गरम लागते' असे ठरविणे व्यर्थ होय. नाक कोरडे की ओले यावरूनही काही ठरत नाही. निवांत पडलेला कुत्रा मिनिटाला दहा ते तीसच्या आसपास श्वास घेतो. ओठ उचलून हिरडी पाहावी: ती गुलाबी असावी, बोटाने दाबली असता पांढरी पडून दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हावी. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतः काळ्या असतात. तेथे डोळ्याची खालची पापणी किंचित ओढून आतला रंग पाहतात. ही पाहणी कुत्रा बरा असताना एकदोनदा करून ठेवली, तर आजाराच्या दिवशी रंगातला फरक चटकन ध्यानात येतो. हिरडी पांढरीफटक, निळसर, पिवळी किंवा विटेसारखी लाल दिसली तर सकाळची वाट पाहू नये.

ओकारीचेच उदाहरण घ्या. गवत खाऊन एकदा पिवळे पाणी ओकला आणि लगेच शेपटी हालवीत दाराशी गेला, तर घरी थांबून पाहावयास हरकत नाही. पण ओकाऱ्या थांबत नाहीत, पाणीही टिकत नाही, त्यात रक्त आहे, किंवा एकदाच ओकला तरी त्यानंतर मान खाली घालून बसला आणि नावाने हाक मारली तरी उठला नाही, तर न्यावे. लक्षण किती मोठे आहे यापेक्षा त्यासोबत कुत्र्याची चर्या बदलली आहे का, हे अधिक महत्त्वाचे. पिलांच्या बाबतीत एवढीही सवलत नाही. १९७८ च्या सुमारास जगभर एकाएकी पसरलेल्या पार्व्हो या विषाणूने पिलू ओकू लागते, दुर्गंधीयुक्त रक्ताळ जुलाब होतात आणि एकदोन दिवसांत अंगातले पाणी आटून ते मरते. शिरेतून सलाइन वेळेवर मिळाल्यास पुष्कळ पिले वाचतात. लस आहे, ती देऊन ठेवावी.

याच्या उलट, ओकू पाहणाऱ्या पण काहीच बाहेर न पडणाऱ्या कुत्र्याचे दुखणे तासांच्या हिशेबाचे आहे. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांत जठर वायूने फुगते आणि कधी आपल्याभोवतीच पिळले जाते. पिशवीचे तोंड व बूड दोन्ही आवळून तिला पीळ द्यावा, तसे होते. वायू वरून निघत नाही, खालून सरकत नाही. फुगलेले जठर पोटातल्या मोठ्या शिरा दाबते, हृदयाकडे परतणारे रक्त कमी पडते, आणि कुत्रा कोसळतो. पोट नगाऱ्यासारखे ताणलेले, कोरडे उमासे, तोंडातून लाळ, बसता येत नाही उठता येत नाही: हे दिसताच शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना गाठावा. ओवा, हिंग, सोडा पाजण्यात घालविलेला अर्धा तास येथे जिवाशी येतो.

कावेरीच्या खोऱ्यातील उन्हाळा हा आणखी एक शत्रू. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकीत, तोंडातील व श्वासमार्गातील ओलाव्याची वाफ करून तो अंग निववितो. हवा दमट असली की वाफ होत नाही, आणि धापा टाकून टाकून उलट उष्णता वाढते. म्हणून भातशेतीच्या मुलखात कोरड्या उन्हापेक्षा पावसाआधीची कुंद दुपार अधिक वाईट. चपट्या नाकाच्या जाती, लठ्ठ व म्हातारी कुत्री, बंद मोटारीत ठेवलेली कुत्री यांना धोका विशेष. धापा थांबतच नाहीत, हिरड्या लालभडक होतात, चाल अडखळते, ओकारी होते. तापमान १०६ अंशांवर गेले की मेंदू, यकृत व मूत्रपिंडे भाजून निघाल्यासारखी बिघडतात. येथे क्रम उलटा आहे: आधी थंड करावे, मग न्यावे. नळाचे पाणी अंगावर ओतावे, पंखा लावावा, आणि वाटेतही वारा लागू द्यावा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नये. तो थोड्याच वेळात गरम होऊन उष्णता आत कोंडतो. तो पुन्हा उठून बसला तरी दवाखाना चुकवू नये, कारण मूत्रपिंडांची इजा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळते.

गोचिडाचा ताप मात्र सावकाश येतो आणि अकस्मात आल्यासारखा भासतो. या तापाचा शोध याच प्रांतात लागला, हे येथील शाळांत सांगावयास हवे. मद्रासच्या शिकारसंघाचे कुत्रे आजारी पडू लागले तेव्हा पॅटन या संशोधकाने त्यांच्या रक्तात तांबड्या पेशींच्या आत राहणारा एक अतिसूक्ष्म जीव पाहिला व त्याचे वर्णन १९१० साली प्रसिद्ध केले. तोच जीव पुढे कोल्ह्याच्या रक्तातही सापडला. ज्याची शिकार करावयाची त्याचाच रोग शिकाऱ्याच्या कुत्र्यास! बॅबेशिया गिब्सोनी हे त्याचे आजचे नाव. तो तांबड्या पेशी फोडतो. कुत्रा आठवडाभर थोडा मलूल असतो, जेवण अर्धे टाकतो, घरचे म्हणतात ऊन फार आहे. आणि एके सकाळी हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या, लघवी काळ्या चहासारखी, व उभे राहण्याचे त्राण नाही, असे दिसते. गोचिडांतूनच येणाऱ्या एर्लिकिया या दुसऱ्या रोगात नाकातून रक्त वाहू लागते. दोन्हींचे निदान रक्ताच्या थेंबावरून होते आणि दोन्हींवर औषधे आहेत. कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, गळपट्ट्याखाली गोचीड सापडले असतील तर ते पशुवैद्यास अवश्य सांगावे. अंगावर एकही सापडला नाही म्हणून रोग नाही असे मात्र समजू नये.

साप आणि विषे यांविषयी थोडक्यात. बांधावर फिरणाऱ्या कुत्र्याचे तोंड किंवा पाय एकाएकी सुजला, जखमेतून रक्त थांबत नाही, तर घोणस चावली असण्याचा संभव. मण्यार चावल्यास सूज जवळजवळ नसते, पण पाय लुळे पडतात, मान धरवत नाही, श्वास मंदावतो. चीर देणे, विष चोखणे, दोरी आवळणे हे सर्व वर्ज्य. कुत्र्यास चालवू नये, उचलून न्यावे; माणसास देतात तेच प्रतिविष त्यालाही देतात. शेतातील कीटकनाशक पोटात गेल्यास लाळ, अश्रू, जुलाब व स्नायूंचे थरथरणे एकदम सुरू होते; डबा किंवा त्यावरील कागद सोबत न्यावा. मीठ-पाणी पाजून ओकवू नये, त्या मिठानेही कुत्री मेलेली आहेत. घरातल्या गोळ्याही विषच समजाव्यात: माणसांना दुखण्यावर देतात त्या पॅरासिटामॉल व आयब्युप्रोफेन या गोळ्या कुत्र्याचे यकृत, जठर व मूत्रपिंड बिघडवू शकतात. चॉकलेट, कांदा, द्राक्षे आणि नैवेद्याच्या ताटातले मनुके हेही त्यास वर्ज्य.

फेफरे आल्यास नाकाशी कांदा किंवा चप्पल धरण्याची आपल्याकडे चाल आहे. तिने अपाय होतो तो बहुधा धरणाऱ्याच्या हाताला. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला, किंवा शुद्धीवर येण्यापूर्वी दुसरा आला, तर तातडी समजावी. तोवर घड्याळ पाहावे आणि आसपासच्या टणक वस्तू दूर कराव्यात. नर कुत्रा वारंवार पाय उचलतो पण लघवी होत नाही. माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी मादी फार पाणी पिऊ लागते व सुस्तावते. विणारी कुत्री अर्धा तास जोराने कळा देऊनही पिलू बाहेर येत नाही: याही त्याच दिवशीच्या गोष्टी आहेत.

दवाखान्यात नेताना एक कागद सोबत असावा. शेवटचे केव्हा जेवला, पाणी केव्हा प्याला, पहिले लक्षण कोणते व कितीच्या सुमारास, किती वेळा ओकला, शौच व लघवी कशी, कोणते औषध दिले गेले, लस कोणत्या महिन्यात. दिलेले घरगुती औषध लाजेने लपविणारे पुष्कळ असतात. पशुवैद्याची सर्वांत मोठी अडचण तीच. आता बहुतेकांच्या खिशात कॅमेरा असतो. झटक्याचे किंवा धापांचे अर्ध्या मिनिटाचे चलच्चित्र घेऊन ठेवावे, कारण दवाखान्याच्या मेजावर चढताच बरीच लक्षणे लपतात. सरफोजीराजांच्या चित्रकारांनी रोगी डोळे रंगविले, त्याच जातीचे हे काम आहे.

मराठी मुलखात जनावरांच्या दवाखान्यांची परंपरा जुनी आहे. मुंबईस परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय १८८३ मध्ये उभे राहिले, आणि १८८६ मध्ये मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. मद्रासचे महाविद्यालय १९०३ चे. खुद्द तंजावूर जिल्ह्यात ते २०१२ मध्ये आले, ओरत्तनाडू येथे. सरफोजीराजांनी मुक्तांबाळेच्या स्मरणार्थ बांधलेले छत्र याच गावी आहे. राजवाड्यापासून तेथपर्यंत मोटारीने पाऊण तास लागतो. निघण्यापूर्वी दूरध्वनी करून लक्षणे सांगितली, तर पोचेपर्यंत तेथे तयारी होऊ शकते.